खालच्या ओळीवाला

आमच्या आळीच्या टोकाच्या घरात दोन भाऊ राहतात. थोरल्याला ऐकू येत नाही आणि धाकटा फारसा बोलत नाही. धाकटा मुका नाही, आवाज चांगला खणखणीत आहे. पण ज्या घरात ऐकणारं कुणी नसतं तिथे माणसाचं बोलणं उन्हाळ्यातल्या विहिरीसारखं खाली खाली जात राहतं, तसं त्याचं गेलं. दिवसभर त्या घरातून हातोडीचा आवाज येतो. थोरला बॅगांच्या मुठी, चेनी आणि अडकलेली कुलपं दुरुस्त करतो. त्याचं ठोकणं आळीतल्या सगळ्यांना ऐकू येतं, एका ठोकणाऱ्याला सोडून.

माझी आणि त्यांची भिंत एक आहे. त्यामुळे काही गोष्टी मी ऐकल्या, काही धाकट्याने नंतर सांगितल्या. त्या दोन्ही जोडून हे सांगतो आहे.

धाकट्याला सगळे खालच्या ओळीवाला म्हणतात, घाई असली की नुसता ओळीवाला. टीव्हीवर चित्र चालू असताना खाली अक्षरं उमटतात, माणूस बोलेल तशी येतात आणि बोलणं संपलं की जातात. ती लिहिणं, आणि बिघडली तर नीट करणं, हे त्याचं काम. शिकलेले लोक त्यांना सबटायटल म्हणतात. आमच्या आळीत खालच्या ओळी म्हणतात.

हे काम त्याच्या गळ्यात पडलं ते भावामुळे. थोरला, ज्याला सगळी आळी दादाच म्हणते, तरुणपणी पत्र्याच्या टाक्या बनवायच्या कारखान्यात होता. एक जण टाकीच्या आत बसून आधार धरायचा, दुसरा बाहेरून घाव घालायचा. दादा आत बसणारा. आतल्या माणसाला घाव कानात ऐकू येत नाही, दातांत ऐकू येतो, असं तो सांगायचा. त्याचे कान एकदम गेले नाहीत. आधी पाखरं गेली. मग दाराची कडी गेली, मग बायकामुलांचे आवाज गेले, त्यामागून पुरुषांचे. सगळ्यात शेवटी कारखान्याचा भोंगा गेला, तेव्हा त्याला घरी पाठवलं.

संध्याकाळी तो टीव्हीसमोर बसायचा आणि दर वाक्याला विचारायचा, "काय म्हणाला तो?" वहिनी, म्हणजे दादाची बायको, समोर येऊन ओठ हलवून सांगायची. तिचे ओठ त्याला वाचता यायचे. बाकी कुणाचे कधी जमले नाहीत. डॉक्टरांचे नाहीत, भावाचे नाहीत, पोटच्या लेकीचेही नाहीत. पण वहिनीचं सांगून होईपर्यंत टीव्हीतला माणूस बराच पुढे निघून गेलेला असायचा. "मी काय रेडिओ आहे का?" वहिनी वैतागायची. "भावोजी, टायपिंग शिकलात ना तुम्ही? मग करा की काहीतरी!"

भावोजींनी केलं. शिकवायला कुणी नव्हतं, टीव्ही बंद पाडत पाडत तो शिकला. वरवर बघितलं तर त्यात काही नाही. प्रत्येक ओळीला एक नंबर, त्याखाली ती कधी यायची आणि कधी जायची त्या दोन वेळा, दोन वेळांच्या मध्ये एक बाण, त्याखाली बोलणं, आणि मग एक मोकळी जागा. पण या सगळ्या ओळींची ही साधी दिसणारी फाइल मोठी मानी असते. मोकळ्या जागेत एखादं टिंब सांडलं, वेळेतला स्वल्पविराम हुकला, की ती रुसते. कधी अक्षरांच्या जागी चौकोन येतात. कधी चित्रच काळं पडतं, आणि टीव्ही आपोआप बंद होऊन, कंपनीचं नाव दाखवत, जणू काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होतो. एका ओळीपायी अख्खा सिनेमा आडवा होतो.

खोट कुठल्या ओळीत आहे ते शोधायची त्याची एक रीत आहे. फाइलचे दोन तुकडे करायचे आणि पहिला लावून बघायचा. टीव्हीने तग धरला तर खोट दुसऱ्यात. मग त्या दुसऱ्याचे पुन्हा दोन. असं करत करत शेवटी हातात एकच ओळ उरते. आळीतल्या नळवाल्याने एकदा हे बघितलं आणि तो मांडीवर थाप मारून हसला.

"अरे, हे तर आमचंच काम! पाइप तुंबला की आम्ही मधला जोड खोलतो. पाणी आलं तर पुढे बघ, नाही आलं तर मागे बघ."

"तुमचं बरं आहे," ओळीवाला म्हणाला. "अडकलेली घाण काढून फेकून देता. मला तीच पुसून परत जागेवर ठेवावी लागते."

हे बोलणं गमतीचं होतं, पण तो त्याचा हट्टही होता. जे बोललं गेलं ते लिहायचं. कमी नाही, जास्त नाही. लग्नाचे व्हिडिओ काढणारा फोटोवाला एकदा त्याच्याकडे तणतणत आला. नवरीकडचे काही नातेवाईक परदेशात वाढलेले, त्यांना भाषा कळत नव्हती, म्हणून त्याने इंग्रजीत खालच्या ओळी करून घेतल्या होत्या.

"अहो, नवऱ्या मुलाच्या मावशीचं ते वाक्य कशाला लिहिलंत?"

"कुठलं?"

"तेच हो. मुलगा चांगला आहे, तोंड उघडत नाही तोपर्यंत."

"म्हणाली ना ती?"

"म्हणाली, पण कुजबुजत म्हणाली!"

"मग मावशीला सांगा, पुढच्या लग्नात अजून हळू कुजबुजा."

फोटोवाल्याने कपाळाला हात लावला. शेवटी ओळ राहिली आणि फोटोवालाही राहिला, कारण पंचक्रोशीत हे काम करणारा दुसरा कुणी नव्हता. त्यावर मी ओळीवाल्याला म्हटलं होतं, एवढा ताठा कशाला? तर म्हणाला, "ज्याला ऐकू येतं, तो काय कानाआड करायचं ते स्वतः ठरवतो. ज्याला येत नाही, त्याच्या वतीने मी कोण ठरवणार?"

वहिनी होती तोवर ते घर बोलकं होतं. ती भांड्यांशी बोलायची, केरसुणीशी बोलायची, आणि सगळ्यात जास्त बोलायची नवऱ्याच्या पाठीशी. दादाचं टेबल खिडकीखाली होतं. तो खिडकीकडे तोंड करून कामाला बसायचा, खोलीकडे पाठ. वहिनी मागे उभी राहून तोंडाचा पट्टा सोडायची, आणि तो आपला शांतपणे चेन ओढून बघत असायचा. बहिऱ्याच्या घरचं भांडण एकतर्फी. त्यात हरजीत नसते. "भिंतीला कान असतात म्हणे," ती मला दारातून म्हणायची. "आमच्या घरात फक्त भिंतीलाच आहेत." आळी हसायची, मीही हसायचो. त्या पाठीमागच्या बोलण्याची आम्हाला सगळ्यांना सवय होती, जशी नळाच्या पाण्याची असते.

मागच्या थंडीत वहिनी गेली. ताप म्हणून इस्पितळात नेली आणि तिकडूनच गेली. तिच्याबरोबर दादाला वाचता येणारे ते ओठही गेले. मग भिंतीवर पाटी आली, पाटीला दोरीने खडू बांधला. "चहा." "गिऱ्हाईक आलंय." "गोळी घेतलीस?" एवढ्या तीनचार शब्दांवर दोन माणसांचा संसार चालायला लागला. कधी मी गेलो तर पाटीवर कालचाच शब्द असायचा. पुसून नवा लिहावा असं काही घडलेलं नसायचं.

दादाची एकुलती एक मुलगी लग्न होऊन लांब राहते. आई धडधाकट असताना ती एकदा माहेरी आली होती, तेव्हा तिने फोनवर आईचा तासाभराचा व्हिडिओ काढला होता. त्यात खास काही नाही. वहिनी खाटेवर बसली आहे, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालते आहे आणि लेकीशी गप्पा मारते आहे. पलंगपोसावर उन्हाचा एक तुकडा पडला आहे, तो हळूहळू सरकतो. मुलीने ठरवलं, बाबांसाठी याला खालच्या ओळी करायच्या.

"मी करून देतो," ओळीवाला फोनवर म्हणाला.

"नको काका. आईचं बोलणं मीच लिहिणार."

ओळीवाल्याला जरा लागलं. पण त्याने तिला सगळी रीत समजावून सांगितली, आणि काही दिवसांनी तिची फाइल आली.

दादाने जुन्या टीव्हीच्या मागे पेनड्राइव्ह खोचला आणि समोर बसला. वहिनी आली. तोंड हलायला लागलं आणि खाली तिचं बोलणं उमटायला लागलं. दादाच्या तोंडावर असं काही पसरलं की ओळीवाल्याने मान वळवली, त्याला ते बघवेना. "धाकट्या!" दादा ओरडला. "मला म्हातारा म्हणतेय बघ! लेकीजवळ मला म्हातारा म्हणतेय!" वहिनीने निळा टॉवेल उचलला, झटकला, दाराकडे तोंड वळवलं, आणि टीव्ही काळा पडला. कंपनीचं नाव आलं.

पुन्हा लावला. निळ्या टॉवेलापर्यंत आला आणि पुन्हा काळा.

ओळी काढून नुसतं चित्र लावलं तर व्हिडिओ शेवटपर्यंत सुरळीत चालत होता. म्हणजे खोट ओळींत होती. ओळीवाल्याने हे पाटीवर लिहून दाखवलं, आणि तिथेच पेच पडला. कारण दादा मग नुसतं चित्र लावून तीच जागा परत परत बघत बसला. वहिनीने तिथे तोंड फिरवलेलं, त्यामुळे ओठ अर्धेच दिसत होते. त्या अर्ध्या ओठांवरून त्याने दोनच गोष्टी वाचल्या. "बॅग." आणि "गेले असते."

"कुठे जाणार होती ती?" त्याने विचारलं. बहिऱ्या माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज नसतो. मी भिंतीपलीकडे हातातलं काम टाकून उभा राहिलो. "कुणाकडे जाणार होती?"

ओळीवाल्याने पाटीवर लिहिलं, "फाइल बिघडली आहे. नीट करतो."

"एवढ्या तासाभरात नेमकी तिथेच बिघडली? काकापुतणी मिळून मला वेड्यात काढताय."

"नाही रे दादा," ओळीवाला तोंडाने म्हणाला, आणि मग त्याला आठवलं की ते लिहायला हवं.

ऐकू न येणाऱ्याच्या मनात शंका शिरली की तिला बाहेरची वाट नसते. समोरचा खरं बोलतोय की थापा मारतोय हे आपण त्याच्या आवाजावरून ताडतो. त्याच्याकडे तेवढंही नसतं. दादाने भावाच्या हातचा चहा घेणं सोडलं. स्वतःपुरता एक कप करून घ्यायचा आणि कप घेऊन खिडकीकडे तोंड करून बसायचा. एवढा जन्म एका बाईबरोबर काढला, आणि आता ती नसताना त्याला कळेना की ती आपली होती का नव्हती. हातोडी चालायची, पण मध्येच थांबायची. थांबली की मला कळायचं, हा पुन्हा तिथेच गेला.

ओळीवाल्याने पुतणीला फोन लावला.

"माझ्याकडे तर छान चालतं काका. मी शेवटपर्यंत बघितलंय."

"तुझा कॉम्प्युटर नवा आहे. त्याला चुका गिळायची सवय असते. दादाचा टीव्ही जुना, त्याला घास अडकतो. त्या टॉवेलाच्या जागी तू काही केलंस का?"

"नाही. काय करणार?" ती म्हणाली, पण जरा लवकर म्हणाली.

मग दुपारी ओळीवाला आपल्या रीतीने कामाला बसला. फाइलचे दोन तुकडे केले, त्यातल्या एकाचे दोन, त्यातल्या एकाचे पुन्हा दोन. समोर दादा टेबलावर वाकून कुणाच्या तरी प्रवासी बॅगेला चाक बसवत होता. त्याची पाठ तेवढी दिसत होती. शेवटी ओळीवाल्याच्या हातात एक ओळ उरली. तिची जायची वेळ तिच्या यायच्या वेळेच्या आधीची होती. जन्मायच्या आधी मेलेली ओळ. टीव्ही ती दाखवायला घ्यायचा, किती वेळ दाखवायची याचा हिशेब करायचा, उत्तर शून्याच्याही खाली जायचं आणि त्याचं डोकं फिरायचं.

एवढंच असतं तर एक वेळ बदलून सुटका होती. पण त्याची नजर तिच्या वरच्या ओळीवर गेली. "हा टॉवेल जुना झाला, पायपुसणं करते याचं." या ओळीला वाजवीपेक्षा फार जास्त वेळ दिलेला होता. बोलायला दोन श्वास लागावेत असं वाक्य, आणि ते पडद्यावर तिष्ठत उभं. खालची ओळ मागे ओढून त्याला भिडवायचा प्रयत्न केलेला, आणि ओढताना तिचं शेपूट, म्हणजे जायची वेळ, भलतीकडे पडलेलं. मधले नंबरही नव्हते. खड्ड्यावर दोन्ही बाजूंनी माती लोटावी तसं कुणीतरी काहीतरी झाकलं होतं.

त्याने हेडफोन कानाला लावले. इतक्या महिन्यांनी वहिनी त्याच्या डोक्यात बोलायला लागली.

"तुला सांगते, आधी आधी मला वाटायचं, हे सोंग करतात. काम सांगितलं की बरं ऐकू येत नाही! म्हणून एकदा पाठीमागे उभी राहिले आणि तोंडाला येईल ते बोलले. वळले नाहीत. तेव्हा कळलं गं. मग सवयच लागली. राग आला की पाठीमागे उभं राहायचं आणि बोलून घ्यायचं. तू लहान होतीस, तेव्हा एकदा जायचंच ठरवलं होतं मी. कुणाकडे नाही, नुसतं जायचं. जीव गुदमरायचा या घरात. बॅग भरली, उचलली, तर मूठ निघून हातात आली. यांनी ती बॅग माझ्या हातातून घेतली आणि बसले दुरुस्त करत. मी मागे उभी. सगळं सगळं बोलले. जाते म्हटलं, परत यायची नाही म्हटलं. मनाशी ठरवलं, एकदा मागे वळू देत, तोंडावर सांगते आणि निघते. वळले असते तर गेले असते बघ मी. पण कुठे! मूठ बसवली, बॅग माझ्या हातात दिली आणि म्हणाले, घे, आता कितीही ओझं घाल."

यानंतर एक आवाज होता. छोटासा, नाकातून आल्यासारखा. मग वहिनीने पुढचा कपडा उचलला.

ओळीवाला तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकत राहिला. समोर दादाची पाठ होती, हातोडी वरखाली होत होती.

त्याने अंगणात जाऊन पुतणीला फोन लावला. ते बोलणं मी ऐकलं, निदान त्याच्या बाजूचं; पलीकडचं त्याने नंतर सांगितलं.

"तू पुसलंस."

"काका, तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं."

"मग तुम्हीच सांगा, हे बाबांना कसं वाचायला देऊ? आई असती तर भांडले असते, रुसले असते, ती परत काहीतरी बोलली असती. आता कुणाशी भांडतील ते?"

"ते आत्ता त्याहून वाईट वाचतायत. बॅग आणि गेले असते, एवढंच वाचून कुणाकडे जाणार होती म्हणून विचारतायत."

"पण ती हसत हसत बोलली होती हो! मी समोर होते. शेवटी हसली ती. ते हसणं तुम्ही ओळीत कसं लिहाल? ओळीत नुसते शब्द उरतात. आणि ते शब्द कडू आहेत."

"नक्की हसली?"

"हसली." मग जरा थांबून, "हसलीच असणार काका. मी फोन धरून बसले होते, मला तिचा गालच दिसत होता."

"नका ना लिहू," ती शेवटी म्हणाली. लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून आळीभर फिरलेली पोर ती. ओळीवाल्याचा आयुष्यभराचा हट्ट तिच्या त्या एका वाक्यापाशी नरमला.

त्याने फक्त वेळ नीट केली. ओळ यायच्या वेळी आली, जायच्या वेळी गेली, टीव्ही काळा पडला नाही. निळा टॉवेल आला, वहिनीने तोंड वळवलं, तिचा जबडा हलत राहिला, हलत राहिला, आणि खाली टॉवेल जुना झाल्याची ओळ दगडासारखी तशीच उभी राहिली.

दादा उठला. त्याने स्वतः टीव्ही बंद केला.

"धाकट्या," तो म्हणाला, आणि या वेळी आवाज लहान होता. "टॉवेलाबद्दल बोलायला एवढा वेळ लागत नाही."

ओळीवाला म्हणतो, मला त्या क्षणी लग्नातल्या त्या मावशीची आठवण झाली. परक्या घरचं कुजबुजणं मी छातीठोकपणे लिहिलं होतं, आणि घरचं बोलणं माझ्याच हाताने टॉवेलाखाली दाबलं.

तो पुन्हा बसला आणि वहिनीचं सगळं बोलणं लिहिलं. वहिनी घाईत बोलली होती आणि दादा सावकाश वाचतो. म्हणून लांब वाक्यांचे तुकडे केले, प्रत्येकाला जमेल तेवढा वेळ दिला. दोनदा त्याचा हात अडला. एकदा "जीव गुदमरायचा" इथे. तिथे "कंटाळा यायचा" लिहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण तिने तसं म्हटलं नव्हतं. आणि दुसऱ्यांदा त्या शेवटच्या आवाजापाशी. खालच्या ओळी लिहिणारे अशा जागी कंसात लिहितात, हसते, रडते, सुस्कारा टाकते, म्हणजे ऐकू न येणाऱ्याला कळावं. ओळीवाल्याने कंस उघडला. ऐकलं. पुन्हा ऐकलं. आवाज मोठा करून ऐकला. हसते असं लिहावं तर पुतणीची समजूत निघत होती, दादाचंही मन हलकं झालं असतं. पण त्याला ते हसणं ऐकू येत नव्हतं. रडणंही ऐकू येत नव्हतं. त्याने कंस पुसला.

दादा समोर बसला. भाऊ दाराशी उभा राहिला. टॉवेल आला, आणि टॉवेलाची ओळ वेळेवर गेली. मग वहिनीचं बोलणं एकेक तुकडा करून खाली येत गेलं. दादा ओठ हलवत वाचत होता. "कुणाकडे नाही, नुसतं जायचं" ही ओळ आली तेव्हा त्याने एक लांब श्वास सोडला. पुढे बॅग आली, मूठ आली. "वळले असते तर गेले असते" आली आणि गेली. मग त्याचं स्वतःचं वाक्य त्याच्यासमोर उमटलं, घे, आता कितीही ओझं घाल, आणि त्याच्याखाली काहीच आलं नाही.

त्याने चित्र थांबवलं, जरा मागे नेलं, पुन्हा लावलं.

"इथे तिचे खांदे हलतायत," तो म्हणाला. "हसतेय का रडतेय?"

ओळीवाल्याने मान हलवली. मग पाटी घेतली आणि लिहिलं, "मला कळलं नाही, दादा."

"तुला कान असून?"

ओळीवाल्याने पाटी पुसली.

"ती रोज बोलायची पाठीमागे?" दादाने विचारलं. ओळीवाल्याने होय म्हणून मान डोलावली. "तू ऐकायचास?" पुन्हा मान. "आणि आळी?" दादाचा आवाज पुन्हा मोठा झाला होता, त्यामुळे हा प्रश्न मलाही स्वच्छ ऐकू आला. ओळीवाल्याने काय उत्तर दिलं ते मला दिसलं नाही, पण ते काय असणार हे मला माहीत होतं. एवढी वर्षं जे बोलणं सगळ्या आळीने ऐकलं, ते ज्याच्यासाठी होतं त्याला त्या दिवशी पोचलं.

पुतणीचा फोन काही दिवस आला नाही. मग आला, आणि ती काकांशी नेहमीसारखं बोलली, फक्त व्हिडिओचं नाव काढलं नाही. घरात चहा पुन्हा दोन कप व्हायला लागला. दादाने भावाला कधी बोल लावला नाही. उलट एकदा चहाचा कप हातात घेऊन म्हणाला, "लिहिलंस ते बरं केलंस." एवढंच.

पण त्या ओळी वाचल्या त्याच्या दुसऱ्याच सकाळी हातोडी वेळेवर सुरू झाली नव्हती. त्याऐवजी फरशीवरून काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला होता. मी जाऊन बघितलं तर दादाने टेबल खिडकीखालून काढून माझ्या बाजूच्या भिंतीकडे आणलेलं. भिंत आणि टेबल यांच्या मध्ये खुर्ची बसेल एवढीच जागा. त्यात तो बसला होता, पाठ भिंतीला टेकलेली, तोंड खोलीकडे, दाराकडे. तिथे उजेड पोचत नाही. खिळा धरलेला हात त्याला धड दिसत नाही, अंगठ्यावर घाव बसतात.

ओळीवाल्याने पाटीवर लिहिलं, "इथे अंधार आहे."

"असू दे," दादा म्हणाला.

तेव्हापासून टेबल तिथेच आहे. गिऱ्हाईक आत आलं की दादा आधी त्याच्या तोंडाकडे बघतो, मग बॅगेकडे. मधूनमधून हातोडी थांबवून तो रिकाम्या खोलीत नजर फिरवतो, खाटेपासून दारापर्यंत, आणि पुन्हा कामाला लागतो. त्याच्या मागे उभं राहायला आता कुणाला जागा नाही, आणि उभं राहणारं होतं ते माणूसही नाही. त्याची पाठ आता माझ्या भिंतीला लागून असते. त्याला काही ऐकू येत नाही हे मला माहीत आहे. तरी त्या भिंतीजवळ बोलताना मी आवाज खाली घेतो.